थव्यातला वेगळा कुरव लांबून कसा ओळखायचा

जानेवारीत सकाळी अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर गेलं की समोर तीनशे-चारशे कुरव बसलेले असतात, सगळे राखाडी-पांढरे, सगळे एकाच दिशेला तोंड करून, आणि सुरूच्या बनातून बाहेर येणारी बर्डर मंडळी "सीगल्स आहेत" म्हणून दोन फोटो काढतात आणि चिखल्यांच्या मागे लागतात. मला खरंच वाईट वाटतं. त्या थव्यात एखादा असा पक्षी असू शकतो जो आपल्या किनाऱ्यावर क्वचितच येतो, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून घरी गेलेलो असतो.

मी गेली बरीच वर्षं हिवाळ्यात हेच करतेय, आणि माझी सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: रोजचा साधा कुरव इतका पाठ करायचा की वेगळा पक्षी आपोआप डोळ्यात भरला पाहिजे. दुर्मिळ पक्ष्याची चित्रं घोकून गेलात तर थव्यातला प्रत्येक तिसरा पक्षी दुर्मिळच दिसायला लागतो. म्हणून आता क्रमाने सांगते.

आधी वेळ आणि भरती

नोव्हेंबर ते मार्च हा आपला सीझन. भर ओहोटीला जाऊ नका. आक्षीचा किनारा सपाट आहे, पाणी लांब आत जातं आणि पक्षीही तिकडे पांगतात, मग दुर्बिणीत नुसते पांढरे ठिपके. पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास सोन्यासारखे, पाणी चढत येतं तसा थवा मागे सरकत सरकत तुमच्याकडे येतो, तुम्हाला एक पाऊलही टाकायला लागत नाही.

भरतीची वेळ मोबाईलवर बघता येतेच, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब पाठ असला की कॅलेंडर बघूनच ट्रिप ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. थोडं मागेपुढे होतं पण ठरवायला पुरेसं. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीच्या आसपास गेलात तर सात ते साडेनऊ ही वेळ चढत्या पाण्याची मिळते आणि ऊनही कोवळं असतं.

उन्हाचं महत्त्व कुरवांच्या बाबतीत फार. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी पूर्ण उजेडात. दुपारनंतर सगळं उलटं, पक्षी काळ्या सावल्या होतात, लाल चोच काळी दिसते, राखाडी पाठ गडद दिसते, आणि नको त्या पक्ष्याचं नाव तोंडात येतं. साडेदहानंतर वाळू तापून हवा थरथरायला लागते ते वेगळंच, मग कितीही महागडी लेन्स असू दे, कडा विरघळलेल्याच दिसणार. अशा वेळी मी नाव ठरवणं बंद करते, नुसती गणती करते.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, वारा. कुरव कायम वाऱ्याकडे तोंड करून बसतात, नाहीतर पिसं उलटी होतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून सकाळी सगळे तुमच्याकडे बघत बसलेले असतात, डोकी आणि छात्या मस्त दिसतात पण पाठ दिसत नाही. ऊन तापलं, खारा वारा सुटला की पाच-दहा मिनिटांत सगळा थवा हळूहळू वळतो आणि तुम्हाला शेपट्या दिसायला लागतात. पाठीचा रंग बघायचा असेल तर थव्याच्या समोर उभं न राहता किनाऱ्याला धरून बाजूला चालत जा, मग पक्षी कुशीवरून दिसतात. डोकं, पाठ, पंखाचं टोक, पाय सगळं एकाच फ्रेममध्ये मिळतं.

किती जवळ जायचं

शंभर-सव्वाशे मीटरवर थांबा. तिरके तिरके चाला, थेट थव्यावर चाल करून जाऊ नका. मधेच सगळ्यांनी एकदम माना वर केल्या की तिथेच थांबायचं आणि खाली बसायचं, दोन मिनिटांत माना परत खाली जातात. एकदा थवा उडाला की तुमची अर्ध्या तासाची गणती गेली, आणि त्या पक्ष्यांची ताकदही फुकट गेली, ते एवढ्या लांबून आलेत, तपकिरी डोक्याचे कुरव तर लडाख-तिबेटच्या तलावांवरून येतात. फोटोसाठी थवा उडवणारे लोक बघितले की मला राग येतो, तो लपवतही नाही. कुत्री काय, टांगे काय, ते तसंही दर पंधरा मिनिटांनी थवा उडवतातच, तेव्हा कॅमेरा तयार ठेवा, तुम्ही उडवायची गरजच पडत नाही.

सामान फार लागत नाही. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण चालते, थवा चाळायला तीच बरी. नाव पक्कं करायला मात्र २०-६० झूमचा स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) किंवा मग निकॉन पी ९०० - पी १००० सारखा सुपरझूम कॅमेरा लागतो, आपल्याकडे हल्ली प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. ट्रायपॉड विसरू नका. पांढरा पक्षी सकाळच्या उन्हात जळून जातो म्हणून एक्स्पोजर मायनस पॉइंट सातच्या आसपास ठेवा आणि डिजिटल झूम बंद.

साधे दोन पाठ करा

आपल्या किनाऱ्यावर छोट्या कुरवांमध्ये दोनच मुख्य, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नावावर जाऊ नका, काळ्या डोक्याच्याचं डोकंही चॉकलेटीच असतं, आणि हिवाळ्यात तर दोघांचीही डोकी पांढरी, फक्त कानामागे एक काळपट ठिपका. डोकी रंगायला फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात होते.

तपकिरी डोक्याचा जरा थोराड, लांबी सुमारे ४२ सेंमी, डोकं भरीव, चोच जाड, पाठ किंचित गडद राखाडी. प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट, जवळून बघितलं तर पांढुरका दिसतो. काळ्या डोक्याचा सुमारे ३८ सेंमी, अंगाने बारीक, चोच नाजूक, डोळा काळा. बसलेले असताना लांबून एवढाच फरक. पंख उघडला की मग कसलीच शंका राहत नाही: तपकिरी डोक्याच्याच्या पंखाचं टोक मोठं काळं आणि त्या काळ्यात दोन पांढरे डाग, ज्यांना बर्डर मिरर म्हणतात. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, निमुळता लांब पांढरा त्रिकोण, आणि मागच्या बाजूने फक्त काळी किनार.

आता यात वय येतं, आणि इथेच बहुतेक चुका होतात. पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू असेल तर पंखावर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, चोच आणि पाय फिक्कट नारिंगी. तपकिरी डोक्याच्या पिल्लाचा डोळा काळा असतो आणि पंखाच्या टोकात मिरर नसतात. म्हणजे प्रौढ पक्ष्यासाठी पाठ केलेल्या दोन्ही खुणा गायब. मी स्वतः एका पिल्लावर पूर्ण सकाळ घालवली होती, डोळा काळा, मिरर नाही, चोच मात्र जाड, हा कोण नवीन म्हणून वहीची दोन पानं भरली, आणि संध्याकाळी फोटो मोठा करून शेपटीची काळी पट्टी दिसली तेव्हा सगळं जागेवर आलं. त्या दिवसापासून मी आधी वय विचारते, मग नाव.

निदान दोन-तीन ट्रिप्स फक्त यासाठी द्या. नवीन काही शोधू नका, प्रत्येक पक्षी हा का तो आणि पिल्लू का प्रौढ एवढंच ठरवा.

मग थवा चाळायचा

डावीकडून उजवीकडे, एकेक पक्षी, मोजत. मोजणं महत्त्वाचं, कारण मोजताना नजर प्रत्येकावर थांबते, उगाच थव्यावरून फिरवताना ती फक्त मोठ्या आणि जवळच्या पक्ष्यांवर थांबते. मी हाताने दाबायचा काउंटर वापरते, जपाला वापरतात तोच. एक फेरी झाली की उजवीकडून डावीकडे परत. पहिल्या फेरीत जो पक्षी दुसऱ्याच्या मागे झोपलेला होता तो दुसऱ्या फेरीत मान वर करतो.

कुठे काही खटकलं की तिथे थांबा, पण रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. लांबून रंग फसवतो, आकार सहसा फसवत नाही. माझा क्रम असा असतो. आधी शेजाऱ्याच्या तुलनेत आकार, आणि शेजारी म्हणजे अगदी लगतचा, दहा फूट मागे बसलेला नाही, कारण झूममध्ये मागचा पक्षी आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मग ठेवण: कपाळ उभं आहे की उतरतं, मान आखूड की लांब, पाय उंच की बुटके, शेपटीच्या मागे पंख किती बाहेर येतात. मग पाठीची राखाडी छटा, तीही शेजाऱ्याशी लावून आणि दोघं एकाच कोनात बसलेले असतील तरच, पक्षी जरासा वळला तरी छटा एक पायरी बदलते. त्यानंतर डोक्यावरच्या खुणा. चोच आणि पायांचा रंग सगळ्यात शेवटी, तो चिखलाने, उन्हाने, सावलीने, कशानेही बदलतो.

एक उदाहरण, स्लेंडर-बिल्ड

बारीक चोचीचा हा कुरव गुजरातेत जामनगरच्या किनाऱ्यावर थव्यांनी दिसतो, तिथे कोणी त्याला दुर्मिळ म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र तपकिरी डोक्याच्यांच्या गर्दीत एखाद-दुसरा, तोही दरवेळी नाही. म्हणूनच सरावाला हा पक्षी उत्तम.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी, एकशे ऐंशीपर्यंत मोजून झालं होतं, थव्याच्या उजव्या टोकाला एक पक्षी इतरांपेक्षा मान उंच करून उभा होता. एवढंच खटकलं. बाकीचे सगळे खांद्यात मान घालून बसलेले आणि हा जणू कोणाची वाट बघत असल्यासारखा. स्कोप लावला. डोकं स्वच्छ पांढरं, कानामागचा ठिपका जवळपास नाहीच. कपाळ उभं नव्हतं, डोळ्याच्या वरून उतरत उतरत थेट चोचीत मिसळत होतं, त्यामुळे तोंड पुढे काढल्यासारखं वाटत होतं. चोच लांब आणि काळपट, पाय शेजाऱ्यांपेक्षा उंच. पाठ शेजारच्या तपकिरी डोक्याच्यापेक्षा एक छटा फिकट. आणि ऊन छातीवर पडलं तेव्हा पोटावर अगदी हलकी गुलाबी झाक, शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते ना तशी.

या पाच-सहा गोष्टी एकत्र आल्या तेव्हा मनात नाव आलं, पण तरी मी लिहिलं नाही. कारण यातली एकेक गोष्ट साध्या कुरवातही येऊ शकते. पांढरं डोकं? कानाचा ठिपका काहींचा इतका फिकट असतो की लांबून दिसत नाही. काळी चोच? सावलीत लाल चोच काळीच दिसते. लांब मान? घाबरलेला कुठलाही कुरव मान लांब करतो. गुलाबी झाक? काळ्या डोक्याच्यालाही कधी कधी असते. कपाळाचा उतार मात्र कुठल्याही कोनातून बदलत नाही, म्हणून मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवते.

आणि हो, सुरय, म्हणजे कुरवांचे सडपातळ नातेवाईक, विसरू नका! गल-बिल्ड टर्न, म्हणजे जाड चोचीचा सुरय, कुरवांच्या घोळक्यात बसतो, डोकं पांढरं, चोच काळी, अंग फिक्कं, लांबून हुबेहूब कुरव वाटतो. पाय बघा, त्याचे काळे आणि कुरवांपेक्षा आखूड.

पंख उघडेपर्यंत थांबा

बसलेल्या पक्ष्यावर नाव ठोकू नका. कुरव साधारण दर काही मिनिटांनी पंख साफ करतो, ताणतो, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे लांब करतो, तो क्षण दोन सेकंदांचा असतो. फोटो काढत बसलात तर हुकतो, त्यापेक्षा ट्रायपॉडवर कॅमेरा लावून त्या पक्ष्यावर व्हिडिओ चालू ठेवा, नंतर व्हिडिओतून फ्रेम काढा. मी त्या पक्ष्यासमोर चाळीस मिनिटं बसले. पाणी त्याच्या पायापर्यंत आलं तेव्हा त्याने दोन्ही पंख वर उचलून एक उडी मारली आणि मागे येऊन बसला, आणि फ्रेममध्ये पुढची कड पांढरी, मिरर नाहीत, काळ्या डोक्याच्यासारखाच पंख. म्हणजे तपकिरी डोक्याचा कटाप. काळ्या डोक्याचा तर तो ठेवणीवरूनच नव्हता, हा शेजारच्या तपकिरीपेक्षा लहान नव्हता आणि डोळाही फिकट होता. तेव्हा कुठे वहीत नाव लिहिलं.

बाकी कोण येऊ शकतं

लिटल गल, सगळ्यात छोटा कुरव, सुमारे २६ सेंमी. थव्यात बसला तर सुरयाएवढा दिसतो, चोच बारीक काळी, हिवाळ्यात डोक्यावर राखाडी टोपी आणि कानाला ठिपका. प्रौढाच्या पंखाची खालची बाजू काजळीसारखी काळपट आणि वरून पंखाच्या टोकाला काळं अजिबात नाही, हे एकदा बघितलं की दुसरं काही असूच शकत नाही. उडताना पाण्यावर झुकत झुकत टिपत जातो.

किटिवेक खुल्या समुद्राचा पक्षी, किनाऱ्यावर आला तर बहुतेक वेळा थकलेला. पिल्लाच्या मानेमागे काळा पट्टा आणि उघडलेल्या पंखांवर काळी नागमोडी रेघ. तशी रेघ लिटल गलच्या पिल्लालाही असते, म्हणून आकार आणि मानेचा पट्टा बघा. प्रौढ किटिवेकचे पाय काळे आखूड, चोच पिवळी, पंखाचं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ काळं, मिरर नाही.

सूटी गल अरबी समुद्राच्या पलीकडचा, ओमान-पाकिस्तानच्या किनाऱ्याचा, कधीतरी इकडे भरकटतो. गढूळ तपकिरी अंग आणि लांब जड चोच, प्रौढाची चोच पिवळट-हिरवट, टोकाकडे काळी पट्टी आणि अगदी टोकाला लाल. मोठ्या कुरवांची तपकिरी पिल्लं बघून लोक याचं नाव घेतात, तेव्हा चोचीची लांबी नीट बघा आणि पिल्लाच्या अंगावर बारीक ठिपके-खवले आहेत का तेही. सूटीचा रंग सपाट असतो.

पल्लासचा कुरव दुर्मिळ नाही, पण नवीन लोक त्याला बघून दचकतात कारण तो प्रचंड असतो, सत्तर सेंमीच्या आसपास, पिवळ्या चोचीवर काळी पट्टी, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. गोव्यात मोरजीला छान दिसतो.

मोठ्या पांढऱ्या डोक्याच्या कुरवांबद्दल, म्हणजे ह्यूग्लिन, स्टेप, कॅस्पियन हे सगळे, मी इथे फार लिहित नाही. त्यांना प्रौढ व्हायला चार वर्षं लागतात, दर वर्षी पिसं वेगळी, पाठीच्या छटांमध्ये बारीक फरक. ह्यूग्लिन सगळ्यात गडद आणि कॅस्पियन सगळ्यात फिकट, एवढ्यावर सुरुवात करा. लांबून असेल, फोटो नसेल, तर "मोठा कुरव" एवढंच लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

नोंद

पुस्तक किंवा ॲप उघडायच्या आधी वहीत लिहा. आधी पुस्तक बघितलं की मग चित्रात असलेल्या खुणा आपल्याला पक्ष्यावरही "दिसल्या" असं वाटायला लागतं, हे अगदी प्रामाणिक माणसालाही होतं. तारीख, वेळ, पाणी चढतं की उतरतं, ऊन कुठून, अंतर अंदाजे किती, शेजारी कोण होतं. डोकं-चोचीचं कच्चं रेखाटन काढा, चित्र चांगलं यायची गरज नाही, उतार कळला पाहिजे. जे दिसलं नाही तेही लिहा, "पंखाची खालची बाजू दिसली नाही" असं सरळ.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकताना नुसतं "क्लिअर व्ह्यू, शुअर आयडी" लिहू नका. नोंदी तपासणारा रिव्ह्यूअर विचारणारच, आणि त्याने विचारलंच पाहिजे. कुठल्या साध्या पक्ष्याला कशावरून बाद केलं ते दोन ओळींत लिहा, आणि शेजारच्या पक्ष्यासकट असलेला एक तरी फोटो जोडा, धूसर असला तरी, एकट्या पक्ष्याच्या सुंदर क्लोजअपपेक्षा तो जास्त कामाचा कारण त्यात आकार कळतो.

आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. भरती साधारण पाऊण तास पुढे सरकलेली असते, तेवढंच उशिरा निघा, थवा बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात बसतो. माझा तो स्लेंडर-बिल्ड तिसऱ्या दिवशीपर्यंत तिथे होता, थव्याच्या त्याच उजव्या टोकाला, मान वर करून.